पाणी उतरल्यावरचा रस्ता

एप्रिलअखेर धरणाचं पाणी मागं सरतं
आणि जुना डांबरी रस्ता वर येतो,
बसल्या म्हशीच्या पाठीसारखा, अर्धा ओला.
त्यावरून आम्ही चाललो होतो नऊ जण
मुनेश्वरच्या बोलेरोत, जिच्यात एरवी
धानाच्या बियाण्याची पोती असतात.
सीटच्या फटीतून कोंडा अजून टोचत होता.

खिडकीशी दर्शना पेडणेकर,
आमच्या दवाखान्यातली नवी नर्स, मालवणकडची.
म्हणाली, ह्यो तर समुद्रच गो,
फक्त वास नाही.
डोकं बाहेर काढून पुन्हा एकदा खात्री केली.
माझ्या पोट्ट्यानं विचारलं, कशाचा वास?
मिठाचा, म्हणाली. मग म्हणाली, नाही, तसा नाही.
मग बराच वेळ काही म्हणालीच नाही.

दुर्बीण एकच, शाळेची,
खोब्रागडे सरांनी रजिस्टरात सही करून आणलेली,
उजवी नळी बुरसलेली.
म्हणून त्या दिवशीचा प्रत्येक पक्षी
आम्ही डाव्या डोळ्यानं पाहिला:
नदीसुरय, काळी टोपी, पिवळी चोच,
दगडासारखी पाण्यात पडायची
आणि चिमूटभर चांदी घेऊन उठायची;
शेकाट्या, दुसऱ्याचे पाय मागून आणल्यागत चालणारा;
बुडून वाळलेल्या मोहाच्या फांद्यांवर
पंख पसरून बसलेले पाणकावळे.
पोरं मोजत होती. सत्तावीसवर भांडण झालं.

दुधराम मावसा पुढं बसलेले.
त्यांनी दुर्बीण मागितली नाही.
"आता डावीकडं घे," म्हणाले,
जिथं डावीकडं नुसता गाळ आणि बेशरमची झुडपं.
"शाळा आली."
शाळा नव्हती.
"इथं हळू. कोंबड्या आडव्या येतेत."
मुनेश्वरनं खरंच गिअर उतरवला.

रपट्याच्या मोरीपाशी ओल्या गाळात
पाच बोटांचे ठसे, बोटांमधे पडदा,
बाजूला माशाचं डोकं, ताजं, डोळा शाबूत.
"पाणमांजर," मावसा म्हणाले,
"चक्कीवाल्याच्या मोरीत राहते म्हणजे."
अर्धा तास आम्ही दम धरून बसलो,
शेंगदाण्याची पुडीसुद्धा कोणी वाजवली नाही.
दिसले ते बुडबुडे.
एका रांगेत आले, मोरीपर्यंत गेले,
आणि आतून काहीतरी कुरकुर चावल्याचा आवाज.
पोरानं घरी सांगितलं, पाहिलं म्हणून.
मी दुरुस्त केलं नाही.

पुढं टिटवी ओरडत आडवी आली.
बोनेटवर झेपावली, वळली, परत झेपावली.
"थांब!"
चाकापासून वीतभर, उखडलेल्या गिट्टीत,
गिट्टीच्याच रंगाची चार अंडी,
टोकं आत करून ठेवलेली.
आम्ही सगळे उतरलो आणि सगळे जागीच उभे,
पाय कुठं ठेवावा कळेना.

टिटवीनंही समुद्र आटवला म्हणतात,
सर बोलून गेले.
आमच्याकडे पण म्हणतात, दर्शना म्हणाली.
मावसा उकिडवे बसून अंड्यांकडं बघत होते.
"हिनं कुठं आटवलं? कालवे सोडले
म्हून उतरलं पाणी."
मग बोटांची पेरं मोजली, एकदा, परत एकदा.
"मिरगाआधी निघतील ना रे पिल्लं?"
हे कोणाला विचारलं माहीत नाही.
सर दुर्बिणीची काच पुसत राहिले.

गाडी वळवायला जागा नव्हती, दोन्हीकडं गाळ.
रिव्हर्सच घ्यावी लागली, अर्धा किलोमीटर.
पोरांना आत कोंबलं.
मावसा गाडीच्या मागं उलटे चालत निघाले,
चपला हातात,
दुसरा हात हवेत:
येऊ दे, येऊ दे, जराशी उजवीकडं.
डाव्या डोळ्यातून मला दिसलं,
टिटवी चालत आली, अंग हलवून हलवून
चारीवर बसली, आणि पुन्हा गिट्टीच झाली.

येऊ दे, येऊ दे.
मग मावसांनी एकदम हात आडवा केला.
"थांब. मांगं सरपंचाचा ओटा हाय."

मुनेश्वरनं आरशात पाहिलं.
मागं सपाट गाळ, त्यावर ऊन, एक तुतारी शेपूट हलवत.
त्यानं स्टिअरिंग फिरवलं
आणि ओटा चुकवून गाडी मागं घेतली.