बासष्टावी ओळ

कुलरमधून वाळ्याचा वास येतो, थेंबही येतात कागदांवर.
जळगावात, दुसऱ्या मजल्यावर, मी तक्ता भरते आहे :
जिल्ह्यात डिजिटल आरोग्याचं काय काय आहे, त्याचा धांडोळा.
चांगलं-वाईट ठरवायचं नाही,
कोणाला बरं करायचं नाही,
फक्त आहे ते पाहायचं, आणि कुठे पाहिलं ते लिहायचं.

एकसष्ट ओळी झाल्या.
अ‍ॅप, पोर्टल, टॅब्लेट, हेल्पलाइन,
एक यंत्र, जे मराठीत बोलतं आणि 'बाळंतीण' आली की अडखळतं.
नऊ ठिकाणी 'लवकरच येत आहे',
तारीख पाहिली तर चार वर्षांपूर्वीची.
रकान्यात दोनच पर्याय होते, 'चालू' आणि 'बंद'.
तिसरा मी वाढवला : 'उद्घाटन झाले'.

मग पद्धतीतला पुढचा टप्पा, जाणकारांना विचारणे.
चोपड्याहून वर, सातपुड्याच्या पायथ्याकडे,
केळीची हिरवी भिंत संपते, रान एकदम उघडं पडतं
आणि फोन म्हणतो, तापमान वाढले आहे, थंड होऊ द्या.
माझ्या यादीत ताप ओळखणारी साधनं चौदा.
स्वतःचा ताप इतका सरळ सांगणारं हे पहिलंच.

ग्रामपंचायतीचा शिपाई म्हणाला, "परिसर पाहणी?
सागाची मोजणी मागल्या महिन्यातच झाली, ताई."

रेवाबाई बारेला. आशा म्हणून तेरा वर्षं.
सरकारी फोन पिशवीत, पिशवी खुंटीला.
तिचा स्वतःचा, बटणांचा, कमरेला.
"यात काय आहे?" मी विचारलं, म्हणजे कुठलं अ‍ॅप.
"यात बेल आहे," ती म्हणाली.

एक मिस कॉल : कळा सुरू झाल्या.
दोन : गाडी पाठव.
उचलायचं नाही. उचललं तर बोलावं लागतं,
आणि त्या वेळी तोंड कोणाचं मोकळं असतं?
खाली नाक्यावर हिलाल आप्पा, त्याची काळीपिवळी.
डुलकीतसुद्धा मोजतो तो.

"आणि तीन?"
तिने सुपातला उडीद एकदा पाखडला.
"तीन म्हणजे घाई नको."
"म्हणजे बाळ झालं? की..."
"घाई नको," ती म्हणाली, आणि खडे वेचू लागली.

परतताना हिलालला विचारलं.
"तीन वाजनात का, ताई, मी चावी खुटीले टांगी देस.
इचारस नही."

रात्री बासष्टावी ओळ भरली.
कोणी केलं : माहीत नाही.
पैसा कोणाचा : कोणाचाच नाही.
स्थिती : चालू.
भाषा :
इथे थांबले. कर्सर लुकलुकत राहिला.
पुरावा : हिलालच्या फोनमधली यादी,
पन्नास नोंदी झाल्या की जुनी आपोआप पुसणारी.

सरांनी समासात लिहिलं, 'हे साधन नव्हे, सवय आहे. वगळावे.'
बरोबर आहे त्यांचं. निकषात बसत नाही.
निकष मीच लिहिले होते, मार्चमध्ये, याच खुर्चीत.
वगळलेल्यांची वेगळी यादी ठेवावी लागते, कारणासकट.
ठेवली.
कारणाच्या रकान्यात 'घाई नको' लिहिलं, मग खोडलं.

नियमाप्रमाणे रेवाबाईला संमतीपत्रकावर
माझा नंबर दिला होता, काही शंका असल्यास.
आज पहाटे पावणेचारला फोन वाजला. एकदाच.
चुकून लागला असेल.
माझ्याकडे गाडी नाही, तिच्या-माझ्यात अख्खी तापी आहे,
आणि उचलायचं नसतं, हेही आता मला ठाऊक आहे.

उठून बसले आहे. दिवा लावलेला नाही.
मोजते आहे.