टिनाचं माप

मेहरुन्निसा सरखोत यांना मी लिहिलेलं पहिलं पत्र
तक्रारीचं होतं.
'बाई, तुम्ही लिहिता, चवीपुरतं मीठ.
आमच्या खोलीत आठ माणसं, चवीही आठ.
कुणाची धरू?'

मी तेव्हा हिद्दच्या गोदीत वेल्डर.
स्वयंपाकाची माझी पाळी सोमवारची,
आणि सोमवारी मंडळी गुपचूप
बाहेरून खुबूस आणायची.

शुक्रवारी बाई स्वतःच आल्या.
नवऱ्याची पिकअप कॅम्पच्या फाटकाबाहेर,
डोक्यावर ओढणी, हातात वही.
वाटी आहे? नाही.
चमचा? एक.
टोपाला झाकण? होतं, कुणीतरी नेलं.
मग आहे तरी काय?
चहाच्या दुधाचे रिकामे टिन, म्हटलं, रग्गड.

त्यातला एक त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून नेला.

पुढच्या सदरापासून
एक टिन तांदूळ, दोन टिन पाणी,
मीठ दीड चमचा, सपाट, बोटाने निपटून.
मनाम्यापासून सलाल्यापर्यंत
कुठल्याही खोलीत दुसरं काही नसलं
तरी तो टिन होताच.
पुस्तक निघालं ते झेरॉक्सचं, पिना मारलेलं,
त्यांच्या जिन्याखालचा शिंपी विकायचा,
पँट आखूड करायला आलेल्याच्या
पिशवीत न विचारता टाकायचा.

मी त्यांना एका टिनाला
पितळी कान डाखून दिला,
कडा कानशीने घासून.
म्हणाल्या, याचे पैसे?
म्हटलं, सोमवारी आता सगळे घरी जेवतात.

आमसूल संपलं तर लूमी घाला, असं त्या लिहीत.
काळं, खडखडीत सुकलेलं लिंबू,
त्याला आधी भोक पाडा
नाहीतर रुसल्यासारखं वर तरंगत राहतं.
चिपळूणहून एका आईचं पत्र आलं :
हे आमचं सार नव्हे.
त्यांनी उत्तर छापलं एका ओळीचं :
नाही. हे तुमच्या मुलाचं आहे.

मग एका वर्षी सगळंच खारट व्हायला लागलं.
आम्हाला वाटलं, मीठ बदललं.
शेजारच्या खोलीतला नारकर म्हणाला, तुझा हात बदलला.
पोरं रात्रभर उठून पाणी प्यायची.
मी पुन्हा पत्र लिहिलं.
बाईंनी माझा कानवाला टिन काढला,
दुकानातून नवा आणून शेजारी ठेवला,
दोन्ही पाण्याने भरून मोजले.
चार मोठे चमचे कमी.
रंग तोच, चित्र तेच, किंमत तीच.

त्या शुक्रवारी सदरात कृती नव्हती.
'कंपनीने टिन लहान केला, चमचा मात्र तोच राहिला.
माझं लक्ष हवं होतं.
मीठ सव्वा चमचा करा.
जे रात्री तहानेने उठले
त्यांची मी माफी मागते.'

नंतर पुण्याच्या प्रकाशकाने जाड, गुळगुळीत पुस्तक काढलं,
फोटोसाठी तांब्याचं पातेलं भाड्याने आणलं.
बाईंनी पातेल्यापुढे टिन ठेवला,
फोटोग्राफरने तो सरकवला,
बाईंनी परत ठेवला.
मुखपृष्ठावर शेवटी पातेलंच आलं,
पण उजव्या कोपऱ्यात नीट पाहिलंत
तर पितळी कानाचा एक तुकडा दिसतो.

दुबईच्या हॉटेलात सत्कार झाला, म्हणे,
आणि पांढऱ्या टोपीतल्या बल्लवाला यांनी विचारलं,
तुमचा चमचा कुठला?

मी मंडणगडला परतून बारा वर्षं झाली.
घरात वाट्याच वाट्या.
सोमवारी अजून मीच करतो,
बायको तोवर दारात बसून
शेजारणीला सांगते, आज यांची ड्युटी.

परवा मनाम्याहून फोन आला, बाईंच्या लेकीचा.
चाळिसावा झाला, घर आवरतेय,
अम्मीच्या कपाटात कान लावलेला एक टिन सापडलाय,
गंजलाय, तुमचं नाव चिठ्ठीवर.
टाकून देऊ का?

नको, म्हटलं.
त्यात चार चमचे जास्त मावतं.