अर्धं माप

डॉक्टर म्हटले, दूध सोसत नाही तुमच्या पोटाला.
बावन्न वर्षं सोसलं की, म्हटलो मी.
ते म्हटले, सोसलं नाही,
तुम्ही सोसत होता.

वडगावात बोळाच्या तोंडाला घर आमचं.
मागच्या खोलीत माग होता, तो विकला,
त्या जागी आता मिक्सर, गाळायची फडकी,
आणि वाट्यांतनं भिजलेलं काय काय.

मुलगी बेंगळूरहून ओटचा खोका पाठवली.
बारीक अक्षरात लिहिलेलं, पेय.
दूध लिहायची परवानगी नाही म्हणे.
आमच्या गावाला हे शिकवायला नको.
पाटीवर कुठलं अक्षर वर, कुठलं खाली, केवढं,
यावरनं फुटलेल्या काचा झाडून काढलोय आम्ही.
खोक्यातलं बिचारं गप्प होतं.
चहात घातलो. चहा भिंतीच्या रंगाचा झाला
आणि भिंतीच्याच चवीचा.

मग सोयाबीन, कडोलीच्या भावाच्या रानातलं, फुकट.
रात्रभर भिजवलो, सालं काढलो, वाटलो, पिळलो.
वास असा की हे पेपर घेऊन गच्चीवर गेले.
गूळ पडल्या पडल्या फाटलं.
तिळाचं कडवट.
तांदळाचं म्हणजे पेजच की,
आजारपणाला नवं नाव.
शेंगदाण्याचं जरा बरं,
पण प्रत्येक घोटाला भाकरी आठवायची.
नारळाचं तेवढं सरळ.
त्याला पहिल्यापासून दूधच म्हणतात,
कुणाला न विचारता.

खरी भीती कल्लव्वाची होती.
बस्तवाडहून पहिल्या बसनं येते ती,
"हालु" म्हणून हाक,
मी नवी नवरी होतो तेव्हापासनं तीच.
म्हशी बदलल्या, पितळेचा कॅन जाऊन ॲल्युमिनियमचा आला,
भाव तर बोलायलाच नको.
तिला मराठी कळतं, बोलत नाही.
मला कानडी कळतं, बोलतो मोडकंतोडकं.
भांडण मात्र कधी अडलं नाही.

एक लिटर घ्यायचो, अर्धा केलो,
आणि पंधरा दिवस थापा मारलो:
पाहुणे गेले. ह्यांचा उपास. मांजर मेलं.
मांजर तेवढ्यात येऊन
तिच्या पायाला अंग घासलं.

त्या दिवशी ती उंबरा ओलांडून आत आली,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
फडकं बघितली, वाटी उचलली, हुंगली.
"याव हालु इदु?"
कसलं दूध हे, म्हणजे आता काय सांगायचं.
शेंगदाण्याचं, म्हटलो मी, भिंतीकडं बघत.
बोट बुडवून चाखली. तोंड वाकडं केली.
मग कॅन खाली ठेवून बसलीच,
आणि थोरल्याचं सांगायला लागली.
गोठ्यात चार म्हशी, आणि पोराला दूध पचेना,
हगवणीनं नुसती काडी झालेली.
सासू तिला रानात नेली.
जोंधळा दुधावर आला होता.
हिरवी कणसं चोळून, पदरातनं पिळून,
चुलीवर जरा आटवून, बोटानं चाटवली.
"तेनि हालु," म्हटली. कणसाचं दूध.
तो थोरला आता बस चालवतो,
ती येते तीच बस.

दुधावर आलंय, दुधावर आलंय,
जन्मभर म्हणत आलो मी बांधावर उभा राहून.

शनिवारी कुंदा करून बघितलो,
नारळाचं दूध, खानापूरचे काजू.
दोन तास ढवळून खांदा गेला.
रंग आला, दाणा नाही आला.
हे विचारले, काय म्हणायचं ह्याला?
कल्लव्वा चमचाभर खाल्ली, डोळे मिटून.
"कुंदा अल्ल," म्हटली. कुंदा नव्हे.
आणि वाटी परत पुढं केली.

आता अर्धंच माप घालते ती,
वर एक धार जास्तीची.
मेलेल्या मांजराला, म्हणते.