तुरळक ठिकाणी

सकाळी आठ वाजता मी सोळा गावांना फोन लावतो.
शेवटचं गाव शोशोंगच्या टेकड्यांपलीकडे,
तिथलं पर्जन्यमापक म्मा केदिबोन्येच्या अंगणात.
निवृत्त शिक्षिका. आकडा सांगते
हजेरी घेतल्यासारखा:
शून्य.
मी लिहितो शून्य पूर्णांक शून्य.
दशांशचिन्हानंतरचं शून्यही गाळायचं नाही,
असा नियम आहे.

ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती,
मग सत्तेचाळीस दिवस हेच.
कधी कधी शून्याला शेपूट असायचं:
शून्य, आणि मोआगीची गाय बसली ती उठेना.
शून्य, आणि वारा आजही वाळवंटाकडूनच.
शून्य, आणि मापकात कोळ्याने जाळं विणलंय.
नियमाप्रमाणे काढायला हवं, मी म्हटलं.
पाऊस आला की बघू, ती म्हणाली.

दुपारी रेडिओसाठी अंदाजही मीच लिहितो.
बुधवारी लिहिलं:
तुरळक ठिकाणी हलक्या सरी, शक्यता तीस टक्के.
गुरुवारी तिने विचारलं,
हे तुरळक ठिकाण कुठे आलं?
तिकडे बस जाते का?
आणि तीस टक्के म्हणजे
शंभरातल्या तीस घरांवर,
की एकाच घराच्या चुलीपुरता?
मला उत्तर ठाऊक होतं, प्रशिक्षणात शिकवलेलं.
दिलं नाही.

आमच्याकडे पावसाला पुला म्हणतात,
चलनालाही पुलाच.
कंडक्टर रोज ओरडतो, सुटा पाऊस काढा!
आम्ही काढतो, खिशातून, चुरगळलेला.
आभाळाकडे मात्र मोड नव्हती.

शनिवारी नकाशावर उत्तरेकडून ओल सरकली.
मी चाळीस लिहिले, खोडले, साठ लिहिले.
साहेबांनी पंचावन्न केले.
रात्री माझ्या पत्र्यावर काहीच नाही,
फक्त शेजारचं कुत्रं
दक्षिणेला तोंड करून भुंकत होतं, चुकीच्या दिशेला.

रविवारी पंधरा गावं: शून्य, शून्य,
एका ठिकाणी "चार थेंब, मोजण्याजोगे नाहीत",
पुन्हा शून्य.
सोळावा फोन वाजत राहिला, वाजत राहिला.
मग ती, धापा टाकत:
चार पूर्णांक दोन.
पुन्हा सांगा, मी म्हटलं.
दोनदा विचारायचा नियम नाही.
चार पूर्णांक दोन. मोजल्यावर पाणी ओतून टाकायचं ना?
हो.
कुठे, ते तुमच्या पुस्तकात नाही.
नाही.
मग मी कोंबड्यांच्या परळात ओतलं.
आणि कोळी?
पहिल्या गडगडाटालाच उठले, रात्री तीनला,
झाडूच्या काडीवर घेतला.
आता खिडकीत बसलाय. रागावलाय.

तक्त्यात मी ४.२ लिहिलं.
कोळ्यासाठी रकाना नाही.
दुपारी निवेदिकेने वाचलं,
तुरळक ठिकाणी पाऊस झाला.

बस जाते तिथे.
दिवसातून एकदा.