कोणता जुना

चाळीसगाव रोडला, टायरवाल्यांच्या रांगेमागं
हिलाल मिस्त्रीचं शेड.
फियाट तिथं अकरा दिवस उभी,
काचा काढलेली, दिवे काढलेली,
मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आणल्यासारखी.

मी सांगितलं होतं : मूळ रंग हवा, जसा होता तसा.
तो बरं म्हणाला
आणि डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात
ओला पॉलिश पेपर गोल गोल फिरवत बसला.

रुपयाएवढा गोल उघडला.
बाहेरचं कडं पांढरं. ते माझं,
विकायची म्हणून दिलेलं; गिऱ्हाईक फिरकलं नाही.
त्याच्या आत पिस्ता, नानांचा.
त्याच्या आत करडा निळा, कंपनीचा,
जो आमच्या घरात नानांशिवाय कुणी पाहिलाच नव्हता :
त्यांनी गाडी घरी आणली ती रंगवूनच.
मग लाल प्रायमर. मग पत्रा.

"तुले जुना रंग जोयजे," हिलाल म्हणाला,
"पन कोन्ता जुना? कंपनीना, का तुना बापना?"

नाना जिनिंगमध्ये कापूस पारखायचे.
मूठभर रुई उजेडात धरून
पांढऱ्यातले नऊ पांढरे वेगळे सांगायचे.
घरी मात्र कशाचाही रंग विचारला की
"चांगला आहे," एवढंच.
या गाडीला पिस्ता का, हे मी कधी विचारलं नाही.
मी मागच्या सीटवर गुडघे टेकून
रस्ता मागं मागं जाताना बघण्यात गुंतलेलो.

आईला फोन लावला.
ती म्हणाली, आपली गाडी पांढरीच नव्हती का?

शेवटी म्हणालो, बापाचा.
पण तोही एक नव्हता.
हिलालनं डिकीचं रबर उपसलं,
खाली बोटभर रुंद पट्टी निघाली, ऊन न लागलेली,
इतकी हिरवी की मी म्हणालो, हा नव्हे.
"हाऊच शे. पह्यला दिनना."
मला आठवत होता तो बॉनेटवरचा,
पंधरा उन्हाळे मुरलेला,
साल काढलेल्या दुधीसारखा.

तेलाच्या डब्याचे तीन पत्रे कापून
त्यानं तीन नमुने मारले, छपरावर ठेवले.
थोडा पांढरा, थेंब पिवळा, काळ्याचं नुसतं टोक.
एक फार नवा. एक आजारी.
तिसरा जवळ, पण शेजारच्यासारखा जवळ.
"उनना डबा बाजारमा भेटत नही, भाऊ."

गन चालवायची ती पहाटे साडेचारला,
वारा उठायच्या आत.
आदल्या रात्री जमिनीवर बादल्यांनी पाणी मारलं,
खिडक्यांच्या जागी पेपर चिकटवले;
एकावर कांद्याचे भाव वाचता येत होते.
त्यानं तोंडाला रुमाल बांधला,
पहिला हात हवेतच रिकामा फिरवला,
मग बॉनेटवर.
मला बाहेर उभं केलं होतं.
कॉम्प्रेसर थांबे तेव्हा त्याचा खोकला ऐकू येई.

डाव्या मडगार्डचा पोचा त्यानं भरला नाही.
मी बोट दाखवलं तर, "ऱ्हाऊ दे."
पेट्रोलच्या झाकणाच्या आत
कंपनीचा निळाही तसाच ठेवला,
कुणी विचारलंच तर दाखवायला.

गाडी हातात आली तेव्हा तिच्यात माझे दात दिसत होते.
नानांच्या गाडीत असं काही दिसायचं नाही.
पैसे दिले, चांगली झाली म्हणालो,
आणि त्यानं माझ्या तोंडाकडे पाहून
पाचशेची एक नोट परत केली.

पांझरेच्या पुलावर वारा होता.
देवपुरात पोचेपर्यंत
कोरड्या नदीपात्रातली सगळी माती अंगावर.
दारात गाडी उभी केली, उतरलो,
चार पावलं मागं गेलो :
बॉनेटवर धुळीचा पातळ थर,
आणि खाली, अगदी बरोबर, तो.

बायको ओलं फडकं घेऊन आली.
थांब जरा, म्हणालो.