झे पुरले नाहीत

विसूबाब कुंकळ्येकरांच्या छापखान्यात
रोमी लिपीतले मोठे झे होते अकरा.
मी मोजले होते. खिळे जुळवणाऱ्याला
खण रिकामा व्हायच्या आधी कळावं लागतं.

एप्रिल एकोणचाळीस. पणजीत अधिवेशन
जगभरच्या सेवा-क्लबांचं.
मुरगावला उतरलेले सतरा देशांचे पाहुणे,
डॉक्टर, विमावाले, साबणाचे कारखानदार,
पांढरे बूट, घामेजल्या कॉलरी,
कोटावर पितळेचे दोन हात, एकमेकांत.

पत्रिका आमच्याकडे आली. आठ पानं,
दर पानाच्या डोक्याला नि तळाला एकच शब्द,
मोठ्या अक्षरांत: पाझ.
पोर्तुगीजमध्ये शांतता.
माझ्या कानाला मात्र तो नेहमी
र गळून गेलेला पाझर वाटे.

शेजारच्या मराठी केशीत झ चिक्कार.
माझं-तुझं करणाऱ्या भाषेला तो कधी कमी पडत नाही.
इथं मात्र सहाव्या पानावर हात रिकामा.
"झे सोंपले, शाबा?" विसूबाब म्हणाले,
"मग एन आडवो घाल."

आडवा पाडलेला एन लांबून झे दिसतो.
जवळून कळतं, त्याची मान अवघडलेली आहे.
ओळ डुगडुगते. मी कागदाच्या पाचरी ठोकल्या
आणि पाच ठिकाणी शांतता उभी केली.
आणखी एन मिळेनात, ते राष्ट्रांना लागत होते,
दर ठरावात राष्ट्रं.

शेवटी पाहुण्यांची यादी. त्यात पोलंडचा
एक दातांचा डॉक्टर, काझिमिएझ व्झोसेक.
एकट्याच्या नावात तीन झे!
विसूबाबांनी चष्मा कपाळावर नेला.
"काडून उडय. कोणाक कळचें ना."
मी काढले. नाव गाळलेल्या दातांसारखं छापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला, दारात वाकून.
मला वाटलं, भांडेल.
त्यानं पेन काढलं, स्टुलावर बसला,
उरलेल्या गठ्ठ्यातल्या प्रती एकेक उघडून
आपली अक्षरं आपल्या हातानं भरू लागला.
वीसेक झाल्या. मग दमला, हसला,
माझा सुजलेला गाल बघून तोंड उघडायला लावलं,
लवंग धर, असं खुणेनं सांगितलं.
जाताना कुणी शिकवलेलं म्हणाला: देव बरें कारू.

समारोपाला मी खिडकीबाहेर उभा होतो.
ठराव तीन भाषांत वाचला. सगळे हात वर.
मग एक मिनिट शांतता,
आणि नेमकं तेव्हाच बेतीच्या गासोलीनीनं भोंगा दिला
तो मिनिटभर थांबेना.
पायऱ्यांवर व्झोसेक आणि हांबुर्गचा साबणवाला
एका काडीवर दोन सिगारेटी पेटवत होते,
वारा होता, म्हणून चार तळव्यांचा आडोसा.
एवढंच मी पाहिलं. मला कामावर जायचं होतं.

चवथ पंधरा दिवसांवर आली.
विसूबाबांच्या घरी माटोळीचं सामान पडलेलं,
आणि ते रात्रीच छापखान्यात, छत्री न मिटताच.
जादा पान काढायचं होतं. मथळा: गेर्रा.
खाली पोलोनिया.

एकही खण रिकामा झाला नाही.
त्या शब्दांना लागणारं सगळं आमच्याकडे होतं,
हवं तर मोठं, हवं तर त्याहून मोठं.
दोन मिनिटांत मथळा उभा, पाचर नाही, डुगडुग नाही.

पान छापून झाल्यावर मी झेचा खण ओढला.
अकरा. घासलेटनं पुसलेले, थंड.
त्यातले तीन कागदात बांधून खिशात टाकले.
पत्ता ठाऊक नव्हता, आणि असता तरी
टपाल तिकडं जात होतं का, कोण जाणे.

नाताळाच्या कार्डांच्या वेळी विसूबाबांनी विचारलं,
"शाबा, झे आठच कशे रे?"
मी म्हटलं, पुरवून वापरू.