सतरा नंबरचा खड्डा

जांबोटीच्या टपरीवर लॅपटॉप उघडला तेव्हा
डोंगर अगदी शहाण्यासारखा वागत होता,
बारा-बारा मीटरच्या चौकोनांत मुकाट बसलेला.
प्रत्येक चौकोनाला एक उंची, एक उतार,
आणि पाण्याने कुठल्या शेजाऱ्याकडे जायचं
त्याचा एक बाण.

पाणी वाहवण्याआधी खड्डे बुजवावे लागतात.
शिकले तेव्हा यात काही विचित्र वाटलं नव्हतं.
ज्या चौकोनातून बाहेर पडायला वाटच नाही
ती चूक,
उपग्रहाचा डोळा लवला असेल.
भरा, सपाट करा, पुढे चला.
एकेचाळीस निघाले भीमगडच्या रानात.
चहा निवायच्या आत बुजले.

मष्णू गुरवाला नकाशा दाखवला.
वनखात्याचा रोजंदारी राखणदार, कानाला बिडी,
साहेबांशी कन्नडात, बैलांशी मराठीत बोलणारा.
त्यानं पडदा आडवा धरला, उभा धरला,
मग नख ठेवलं एका जागी.
"बाई, आमची गिळणी कुठं घातलासा ओ?"

नोव्हेंबरात चढलो. सड्यावरचं गवत पिवळं पडत होतं,
जांभा पायाखाली पोकळ वाजत होता,
आणि मष्णू, मडकी पारखणाऱ्या गिऱ्हाइकासारखा,
दर दहा पावलांवर काठी आपटून कान देई.
मग जमीन बशीसारखी खाली गेली, साठ-सत्तर पावलं,
आणि बशीच्या तळाशी, नेच्यांआड,
एक तोंड.
एक व्हाळ त्यात उतरून
आवाज न करता नाहीसा होत होता.

पिशवीतून त्यानं भाताचं तूस काढलं,
यंदाच्या मळणीचं,
ओंजळ ओंजळ सोडलं गिळणीत.
"आमचा थोरला असंच बघायचा.
आता खाली चला. सावकाश.
पाणी काय आत पळत नाही."

उतार सत्तावीस अंश.
माझ्या नकाशात हिरवा, म्हणजे धोका कमी.
तीन पावसाळ्यांपूर्वी हा हिरवा
किंदळींसकट सरकला होता.
खाली कुणी राहत नव्हतं म्हणून बातमी दोन ओळींची,
एका पेपरात गावाचं नाव एक, दुसऱ्यात दुसरं.
त्या तांबड्या जखमेच्या वरच्या काठाला
जांभा संपतो आणि पांढरी शेडू सुरू होते;
दोघांच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं.

बसलो. मष्णूनं बिडी पेटवली नाही,
अभयारण्य ना,
नुसती चघळली.
माझी बॅटरी संपली.
साडेतीनच्या सुमारास पहिलं तूस आलं,
ओलं, उताणं, होडीसारखं.
मग आणखी चार.
मग मोजायचं सोडलं.

रात्री खानापूरच्या लॉजवर
एक खड्डा परत उकरला. नंबर सतरा.
मॉडेल लगेच कुरकुरलं,
बाण अडकला म्हणे, पाणी कुठं जाऊ विचारतंय.
हातानं रेघ ओढली डोंगराच्या आतून,
निळी, तुटक, अंदाजाची,
आणि हिरव्यात तांबडं भरलं.
उरलेले चाळीस
अजून बुजलेलेच आहेत.
त्यांत चुका किती, तोंडं किती,
आणि अहवाल सोमवारी.

नावाच्या रकान्यात लिहिलं, गिळणी.
सरकारी रकाना दोन भाषांत मागतो,
म्हणून मष्णूला फोन लावला.
मागं कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.
"आमचा गार्ड नुंगु म्हणतोय," तो म्हणाला,
"तेबी गिळणंच की.
कायबी लिवा ओ.
भरू नका म्हणजे झालं."